‘तारा’ नावाची सरमिसळ

संपादक महाशय,

स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत मुलींच्या नावांचे जे सदर येते, त्यात अलीकडे ‘तारा’ या नावापुढे ‘अर्थ : चांदणी. भाषा : संस्कृत, फारसी, आयरिश, स्लाव्ह’ अशी नोंद छापली गेली. नाव जगभर चालते, परदेशात जाणाऱ्या मुलीला अडचण येत नाही, असेही पुढे म्हटले होते. चालते हे खरे. पण त्या एका ओळीत किमान चार वेगळ्या घराण्यांची माणसे एका पंगतीला बसवली आहेत आणि खरी भावंडे मात्र पंगतीबाहेर राहिली आहेत. आम्ही संस्कृत आणि भाषाविज्ञान शिकवणारे काही जण आहोत. नाव ठेवताना आईवडील अशा नोंदींवर विसंबतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी चांदणीचे घराणे. ऋग्वेदात ताऱ्यांसाठी ‘स्तृभिः’ असे रूप येते, म्हणजे शब्दाच्या आरंभी ‘स’ आहे. त्याच ऋग्वेदात ८.५५.२ या ऋचेत ‘दिवि तारो न रोचन्ते’, आकाशात तारे चमकतात तसे, असा ‘स’ गळालेला पाठही आहे. अथर्ववेदात (२.८.१) ‘विचृतौ नाम तारके’ म्हणून दोन ताऱ्यांची जोडी येते. ‘तारा’ हे आकारान्त स्त्रीलिंगी रूप त्याच ओळीत पुढे रूढ झाले. संस्कृतने ‘स’ गाळला, बाकीच्या भावंडांनी तो जपला : अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातले ‘स्तर’, फारसी ‘सितारे’, ग्रीक ‘अस्तेर’, लॅटिन ‘स्टेला’, जर्मन ‘श्टेर्न’, इंग्रजी ‘स्टार’. आर्मेनियन भाषेतले ‘अस्त्घिक’ हे मुलीचे नाव याच मुळाचे, अर्थ छोटी चांदणी. वेल्श भाषेत चांदणीला ‘सेरेन’ म्हणतात आणि ते मुलींचे आवडते नाव आहे. तेव्हा ताराची बहीण शोधायची असेल तर गोव्यातल्या ख्रिस्ती घरची स्टेला, लखनौची सितारा आणि वेल्समधली सेरेन या तिघींपाशी जावे. कानाला तिघीही परक्या वाटतात. अरबी नज्मा आणि तुर्की यिल्दिझ यांचा अर्थ चांदणीच, पण भाषाकुळे निराळी असल्यामुळे ती नुसती अर्थाने जुळलेली नावे.

कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, घरांतले ‘एस्तेर’ हे नावही इथे अनेकदा ओढले जाते. बायबलमधल्या या राणीचे हिब्रू नाव ‘हदस्सा’ असल्याचे एस्तेरच्या पुस्तकातच (२.७) सांगितले आहे. ‘एस्तेर’ फारसीतल्या चांदणीवरून आले की बाबिलोनी देवता ईश्तर हिच्यावरून, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. त्यामुळे यादीत ‘एस्तेर म्हणजे तारा’ असे ठोकून देऊ नये. ‘सितार’ या वाद्याचे तर चांदणीशी काहीच देणेघेणे नाही. ते ‘से-तार’, तीन तारांचे. त्यातली तार फारसी, आणि विजेच्या खांबावरच्या ज्या ‘तारा’ आपण म्हणतो त्या तिचेच अनेकवचन.

आता दुसरे घराणे. हेही संस्कृतच, पण अर्थ वेगळा. ‘तॄ’ म्हणजे तरून जाणे. त्याचे प्रयोजक रूप ‘तारयति’, म्हणजे पैलतीरी नेतो किंवा नेते. जी पार नेते ती तारा, म्हणजेच तारिणी. बौद्धांची तारादेवी ही. चांदणीच्या अर्थाची सावली तिच्यावर पडते, कवींनी श्लेषही भरपूर केले, परंतु नावाचा गाभा नावाड्याचा आहे. याचा सर्वांत देखणा पुरावा आपल्या देशाबाहेर, जावा बेटावर सापडतो. योग्यकर्त्याजवळच्या कलसन मंदिराचा शिलालेख शके ७०० चा, म्हणजे इ. स. ७७८ चा. भाषा संस्कृत. आरंभ ‘नमो भगवत्यै आर्यतारायै’ असा. पहिल्याच श्लोकाची सुरुवात ‘या तारयति’ या दोन शब्दांनी होते : दुःखाच्या अपार भवसागरात बुडालेल्या लोकांना जी तारते ती. आणि श्लोकाच्या शेवटी तिला ‘जगदेकतारा’ म्हटले आहे. शब्द एकच, जगाची एकमेव तारिणी असे वाचा किंवा जगाचा एकमेव तारा असे वाचा. कोरणाऱ्याला दोन्ही माहीत होते. पण क्रियापद त्याने ‘तारयति’ निवडले, ‘चमकते’ असे म्हटले नाही.

हा अर्थ आपल्या किनाऱ्याला अपरिचित नव्हता. कान्हेरीच्या ९० क्रमांकाच्या लेण्यात अवलोकितेश्वर, म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व, उभा आहे आणि त्याच्या भोवती लहान लहान चौकटींत संकटात सापडलेली माणसे कोरली आहेत. सिंह, हत्ती, आग, साप, चोर, बेड्या, पिशाच्च आणि पाणी ही ती आठ महाभये. पाण्याच्या चौकटीत बुडत्या नौकेतली माणसे असतात. सोपाऱ्यासारख्या बंदरांतून माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्यांनी ज्या लेण्यांना दाने दिली, तिथे ही चौकट का हवी होती ते वेगळे सांगायला नको. औरंगाबाद लेण्यांत सातव्या क्रमांकाच्या लेण्यातही हाच विषय मोठ्या आकारात आहे. पुढे या आठही भयांतून सोडवण्याचे काम तारेकडे आले आणि ‘अष्टमहाभय-तारा’ हे तिचे रूप ठरले.

हे नाव तिबेटात गेले ते भाषांतर होऊन. तिबेटी अनुवादकांची पद्धत काटेकोर होती. संस्कृत नावाचा ध्वनी उचलायचा नाही, अर्थ उतरवायचा. त्यांनी ‘तारयति’चा अर्थ घेतला, पार नेणे व मुक्त करणे या अर्थाचे तिबेटी क्रियापद लावले, त्याला ‘मा’ हा स्त्रीवाचक प्रत्यय जोडला. लिहिताना ‘स्ग्रोल-मा’, बोलताना ‘डोल्मा’. लडाख, सिक्कीम, भूतान, हिमाचल आणि तिबेटी वसाहतींत डोल्मा हे मुलीचे अगदी घरगुती नाव आहे. ‘डोल्कर’ म्हणजे श्वेततारा, कारण ‘कर’ म्हणजे पांढरा. मंगोलियात त्याचेच ‘दुलमा’ झाले. कैलास परिक्रमा करून आलेल्या मराठी यात्रेकरूंना ‘डोल्मा ला’ ही सुमारे ५,६०० मीटर उंचीची खिंड चांगली ठाऊक असते, धाप तिथेच लागते. ‘ला’ म्हणजे खिंड. ती ताराची खिंड आहे. आपल्या सदरात मात्र ‘डोल्मा : तिबेटी नाव, अर्थ उपलब्ध नाही’ असे एकदा छापून आले होते. ताराची सख्खी जुळी बहीण हीच, आणि नेमका तिचाच अर्थ उपलब्ध नाही! (तुर्की हॉटेलातला भरलेल्या भाज्यांचा ‘डोल्मा’ निराळा, तो ‘भरणे’ या तुर्की क्रियापदावरून.)

चीनमध्ये दोन्ही रीती चालल्या. ‘दुओ-लुओ’ हे ध्वनीवरून घेतलेले रूपही आहे आणि ‘पार नेणारी माता’ या अर्थाचे ‘दु-मू’ही आहे. जपानमध्ये ध्वनीच राहिला, ‘तारा बोसात्सु’. पण जपानी घरात नुसते ‘तारा’ म्हटले तर ताटात येतो तो कॉड मासा.

पुराणांतल्या तारा मराठी वाचकाला परिचित आहेत. बृहस्पतीची पत्नी आणि बुधाची आई ती एक. वालीची पत्नी, सुषेणाची कन्या, ही दुसरी; सुग्रीव दुसऱ्यांदा आव्हान देतोय म्हणजे त्याच्या पाठीशी कोणीतरी आहे, हे वालीला बजावणारी. पंचकन्यांत जिचे नाव येते ती हीच. दशमहाविद्या या शाक्तांच्या दहा देवींतली दुसरी, तारा, बंगालात तारापीठाला पुजली जाते. हरिश्चंद्राची राणी आपल्याकडे तारामती झाली आणि हरिश्चंद्रगडाच्या सर्वांत उंच शिखराला तिचे नाव आहे. या चौघींत चांदणी कोणती आणि तारिणी कोणती, हा वाद घालण्यात अर्थ नाही; नावे ठेवणाऱ्यांनी व्युत्पत्ती लिहून ठेवलेली नाही. १७०० नंतर मराठ्यांचे राज्य सांभाळणाऱ्या महाराणी ताराबाई, १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे आणि बालशिक्षणाच्या ताराबाई मोडक यांच्यामुळे हे नाव मराठीत किती खोल रुजले आहे ते कळते. गेल्या काही वर्षांत ते ‘परदेशातही चालणारे आधुनिक नाव’ म्हणून परतले आहे, याची थोडी गंमत वाटते.

खरी गफलत आयरिश नोंदीत आहे. आयर्लंडच्या मीथ परगण्यात जेमतेम दीडशे मीटर उंचीची एक टेकडी आहे. प्राचीन आयरिश राजांची गादी तिथे मानली जाते. टेकडीचे आयरिश नाव ‘तेवर’च्या जवळपास उच्चारले जाणारे ‘तेमैर’. त्याच्या षष्ठीच्या रूपावरून इंग्रजांनी ‘टारा’ केले. आयरिशमध्ये चांदणीला ‘रेअल्ता’ म्हणतात, तेव्हा चांदणीचा प्रश्नच उद्भवत नाही. टेकडीच्या नावाचा अर्थ ‘राखून ठेवलेली पवित्र जागा’ किंवा ‘दूरवर दृष्टी जाईल असे उंच ठिकाण’ असा दिला जातो. दुसरे महत्त्वाचे : जुन्या आयरिश परंपरेत हे मुलीचे नाव नव्हतेच, ते गावठाणाचे नाव. १९३६ साली अमेरिकेत आलेल्या ‘गॉन विथ द विंड’ या कादंबरीत आयरिश वंशाच्या मळेवाल्याने आपल्या मळ्याला त्या टेकडीचे नाव दिले, १९३९ च्या चित्रपटाने ते घरोघरी पोचवले आणि त्यानंतर इंग्रजी बोलणाऱ्या देशांत मुलींची नावे ‘टारा’ ठेवण्याची लाट आली. म्हणजे ‘प्राचीन आयरिश नाव’ असे जे छापले जाते, त्यातले प्राचीनत्व टेकडीचे आहे. मुलीचे नाव म्हणून ते विसाव्या शतकातले आहे. एकाच केल्टिक कुळात वेल्श ‘सेरेन’ आपली सख्खी आणि आयरिश ‘टारा’ परकी, ही गोष्ट कानावर विसंबणाऱ्याला कधी कळणार नाही.

स्लाव्ह देशांचेही तसेच. सर्बिया, क्रोएशिया, स्लोव्हेनिया या भागात तारा नावाच्या मुली भरपूर आहेत. तिथे मॉन्टेनेग्रोतून वाहणारी तारा नदी आहे, तिची घळ युरोपातली सर्वांत खोल, सुमारे १,३०० मीटर; पश्चिम सर्बियात तारा पर्वतही आहे. या नावाचा संबंध साधारणपणे ‘औतारियाते’ या बाल्कन भागातल्या प्राचीन इलिरियन टोळीशी जोडतात. स्लाव्ह भाषांत चांदणीला ‘झ्वेझ्दा’ म्हणतात आणि त्यावरून ‘झ्वेझ्दाना’ हे वेगळे नाव आहे.

नुसते योगायोग मोजायचे तर यादी लांबेल. कुर्दी भाषेत तारा म्हणजे नवरीच्या तोंडावरची ओढणी, आणि तिथे ते मुलीचे नावही आहे. बंगालीत चांदणीही तारा आणि ‘ते लोक’ या अर्थाचे सर्वनामही ‘तारा’च. मनिलात ‘तारा!’ म्हणजे ‘चला!’ स्पॅनिशमध्ये ‘तारा’ म्हणजे मालातला दोष किंवा वजनातून वजा करायचा बारदाना. तो अरबी ‘तर्ह’वरून, टाकून द्यायचे ते. न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनच्या बंदराचे माओरी नाव ‘ते व्हांगानुई-आ-तारा’, ताराचे मोठे बंदर, आणि हा तारा पुरुष होता. दोन स्वर आणि दोन व्यंजने एवढ्याच भांडवलावर उभा असलेला शब्द जगात पन्नास ठिकाणी आपोआप तयार होणार. त्यांच्यात नाते जोडणे हा शुद्ध बादरायण संबंध.

नावांच्या याद्या बिघडतात कुठे? पहिली चूक लिपीची. नाव रोमनमध्ये उतरवले की तारा, तरा, टारा सगळे एकसारखे दिसू लागतात, आणि मग एकाचा अर्थ दुसऱ्याला चिकटतो. दुसरी चूक शब्द आणि नाव यांतला फरक न पाळण्याची. कोशात शब्द सापडला म्हणजे तो त्या समाजात मुलीचे नाव आहे असे होत नाही. स्पॅनिश ‘तारा’ कोशात आहे, पाळण्यात नाही. तिसरी चूक, एका यादीवरून दुसरी यादी उतरवण्याची. आजकालचे ‘कियारा’ घ्या. इटालियन ‘कियारा’ म्हणजे स्वच्छ, उजळ. आयरिश ‘कीरा’ म्हणजे काळ्या केसांची. रोमन लिपीत दोन्ही जवळ आली आणि मराठी यादीत ते नाव बिनदिक्कत संस्कृत झाले. ‘मायरा’ हे सतराव्या शतकाच्या आसपास फुल्क ग्रेव्हिल या इंग्रज कवीने आपल्या कवितांसाठी वापरलेले नाव, पण याद्यांत त्यालाही ‘संस्कृत : प्रिय’ असा दाखला मिळाला आहे.

पडताळणी अवघड नाही, तासाभराचे काम आहे. नाव आधी मूळ लिपीत लिहून घ्यावे. ऱ्हस्व-दीर्घ, त की ट, त की थ, न की ण हे पक्के झाल्याशिवाय पुढे जाऊ नये. संस्कृत म्हणून सांगितलेले नाव आपटे किंवा मोनिअर-विल्यम्स यांच्या कोशात पाहावे. मराठीसाठी मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश. हे सगळे आज संगणकावर फुकट उघडतात. कोशात शब्द नसेल तर धातू शोधावा. तोही नसेल आणि यादी तरी ‘संस्कृत’ म्हणत असेल, तर यादीवर विश्वास ठेवू नये. कोशात अनेक अर्थ असतील तर सगळे वाचावेत, आवडला तेवढाच उचलू नये. तारा या शब्दालाच चांदणीखेरीज डोळ्याची बाहुली हाही अर्थ आहे, तो आम्हाला चांदणीपेक्षा सुंदर वाटतो, पण कोणत्याही यादीत तो दिसत नाही. परभाषेतल्या नावासाठी त्या भाषेतला चांदणी, पाणी, प्रकाश असा रोजचा शब्द कोणता ते पाहावे. आयरिशची गफलत या एका पायरीवर उघडी पडते.

आता स्पेलिंग. महाराष्ट्रात टी-ए-आर-ए लिहितात. केरळ-तमिळनाडूत दंत्य ‘त’साठी ‘टीएच’ वापरण्याची रीत असल्यामुळे तिथे टी-एच-ए-आर-ए. आपल्याकडचा कारकून ते ‘थारा’ वाचतो. तमिळ लिपीत त, थ, द, ध यांना एकच अक्षर असल्याने तारा आणि धारा लिहिताना सारख्याच दिसतात, चेन्नईत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी हे ध्यानात ठेवावे. अमेरिकेत टी-ए-आर-ए हे पुष्कळदा ‘टेऽरा’ असे उच्चारले जाते. ते टाळायला काही जण पहिल्या अक्षरानंतर दोन ‘ए’ घालतात. उपाय चालतो, पण तो पहिल्या कागदापासून करावा. शाळेत एक, आधारवर दुसरे आणि पासपोर्टवर तिसरे असे झाले की पुढे प्रतिज्ञापत्रे आणि राजपत्र यांच्या मागे धावावे लागते.

पहिला कागद म्हणजे जन्म प्रमाणपत्र. जन्माची माहिती २१ दिवसांत द्यायची असते, नावाची तेवढी घाई नाही. नावाशिवाय जन्म नोंदवता येतो आणि १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येते. त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत मुभा असते. एकदा नाव चढले की मात्र ‘आता दुसरे आवडले’ या कारणाने बदलत नाहीत, लेखनातली चूक तेवढी दुरुस्त होते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून हेच प्रमाणपत्र लागते. आपल्या प्रमाणपत्रावर नाव मराठीत आणि इंग्रजीत अशा दोन ठिकाणी असते. बहुतेक पालक इंग्रजी तपासतात आणि मराठीतला ‘तरा’ तसाच घरी घेऊन येतात. खिडकी सोडण्यापूर्वी दोन्ही वाचावे.

शेवटी आपल्याकडे दोन मागण्या. सदरात प्रत्येक नावापुढे मूळ भाषा, मूळ उच्चार, ते मुलीचे की मुलाचे की दोघांचे, आणि अर्थ कोणत्या कोशातून घेतला, एवढे चार रकाने द्यावेत. जागा कमी पडत असेल तर पन्नासऐवजी दहा नावे छापावीत. आणि परदेशी नावे देवनागरीत लिहिताना त व ट यांचा भेद पाळावा. इंग्रजीतल्या ‘टी’चा उच्चार आपल्या ‘ट’च्या जवळचा, म्हणून आयर्लंडची टेकडी आणि हॉलिवूडची नायिका ‘टारा’. सर्बियन आणि फारसी ‘त’ दंत्य, म्हणून मॉन्टेनेग्रोची नदी आणि तेहरानची मुलगी ‘तारा’. मागच्या महिन्यात आपल्या पर्यटनाच्या पानावर ती नदी ‘टारा’ छापली होती.

आपले,
संस्कृत व भाषाविज्ञान शिकवणारे काही वाचक,
सांगली